कंसातले शब्द

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाची एक जादा वही असते. निरीक्षण वही! पाठ्यपुस्तकात तिचा कुठं उल्लेख नाही, ती आपली माझी हौस. रोज काहीतरी एक बघायचं आणि चार ओळींत लिहायचं. 'छान होतं', 'मजा आली', 'खूप मोठं होतं' असं लिहायला सक्त बंदी. कुणी लिहून आणलं, "आज खूप पाऊस पडला," की मी विचारणारच, "खूप म्हणजे किती रे? अंगणातल्या बादलीत किती बोटं पाणी साठलं?" पोरं वैतागतात. एकदा एकानं लिहिलं होतं, "आज बाई तीन वेळा रागावल्या. त्यातल्या दोन वेळा माझ्यावर." मी मुकाट्यानं सही केली. निरीक्षण बिनचूक होतं ना!

तर अशी वही लिहिणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी ऑगस्ट २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी घरी आली. आमचं गाव कोल्हापूरपासून जवळ. शाळा जिल्हा परिषदेची. चौथी पास होऊन तिला सहा वर्षं झाली होती. आता ती अकरावीला, शास्त्र शाखेत, शहरातल्या एका कॉलेजात. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिनंच बजावलंय, "बाई, लिहा खुशाल, पण नाव नका हं छापू. वर्गात चिडवतील." तुमच्याहून मोठी आहे, तेव्हा आपण तिला ताईच म्हणू.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. याद्या लागता लागता जुलै सरला, आणि ताईचं कॉलेज ऑगस्टमध्ये भरलं. नुकता पहिला आठवडा संपला होता. मी विचारलं, "काय गं, कसं आहे कॉलेज?"

"मस्त!" ती म्हणाली, आणि गप्प बसली.

पालकांनो, हा 'मस्त' तुमच्याही घरी येत असेल. आपण विचारतो, "कसं चाललंय?" मूल म्हणतं, "मस्त." की आपण निर्धास्त. मी काही न बोलता चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर टेबलावर एक वही ठेवलेली.

"चौथीत लिहायचो ना बाई, तसं लिहिलंय. आठवडाभर. घरी कुणाला दाखवलं नाही."

तिच्या परवानगीनं त्यातलं थोडं तुम्हांला वाचून दाखवते.

सोमवारचं पान असं होतं. "हजेरीला नाव घेत नाहीत. नंबर घेतात. माझा नंबर ४७. मी 'हजर' म्हटलं. पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघून हसले. बाकी सगळे 'प्रेझेंट' म्हणतात. बाकं ठरलेली नाहीत. आधी येईल तो बसेल. शाळेत तास संपला की सर बदलायचे. इथं कधी कधी आपणच खोली बदलायची. मी चुकून दुसऱ्या खोलीत बारा मिनिटं बसले. तो कॉमर्सचा वर्ग होता."

बारा मिनिटं! घड्याळ बघून मोजली होती पोरीनं. उठून जायची लाज वाटत होती, पण मोजायचं सोडलं नाही.

मंगळवार. "वर्गाच्या पटावर ८० नावं. काल ७२ जण होते. आज ६१. मधल्या सुट्टीनंतर ४४. शेजारची मुलगी म्हणाली, बाकीचे खासगी क्लासला जातात, ते आता प्रॅक्टिकलपुरतेच येतील. न आलेल्यांना कुणी काही विचारलं नाही. गृहपाठ कुणी तपासला नाही. काल मी अभ्यास केला नसता तरी कुणाला कळलं नसतं."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हांला आत्ता वाटत असेल, काय सुख आहे! गृहपाठ नाही, छडी नाही (छडी आता शाळेतही नाही म्हणा), कुणाची कटकट नाही. मलाही तुमच्या वयात असंच वाटायचं. पण सहा वर्षांपूर्वी जी मुलगी सही राहिली तर माझ्यामागं स्टाफरूमपर्यंत यायची, तिला ते वाक्य लिहिताना सुख वाटलं नसावं. अर्थात, हा माझा अंदाज. निरीक्षण नव्हे.

बुधवारच्या पानावर वाक्यं नव्हतीच. नुसते शब्द, एकाखाली एक. सेल. सेट. बेस. सोल्यूशन. रूट. मास. डिस्प्लेसमेंट. व्हेलॉसिटी. ॲक्सलरेशन. आणि सगळ्यांत खाली, पेन दाबून लिहिलेलं, "आज चार तास झाले. चारही तासांत काय कळलं ते लिहायला बसले तर लिहिण्यासारखं काही नाही. मला शास्त्र जमणार नाही. उद्या ऑफिसात शाखा बदलायचा अर्ज मागायचा. घरी सांगायचं नाही."

मी वही खाली ठेवली. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. दहावीला विज्ञानात शंभरातले ९१ गुण मिळवलेली ही मुलगी. गावात पेढे वाटले होते तिच्या आईनं.

आता तुम्ही म्हणाल, ९१ गुण आणि कळत कसं नाही? मुलांनो, ताई दहावीपर्यंत शिकली मराठी माध्यमात. तिच्या कॉलेजात शास्त्र शाखा शिकवतात इंग्रजीतून. फळ्यावर इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, सरांचं बोलणंही इंग्रजी आणि तेही भरधाव. एका शब्दाचा अर्थ आठवेस्तोवर सर पुढच्या तीन वाक्यांवर पोचलेले!

मी म्हटलं, "बरं, मला सांग. सेल म्हटल्यावर तुझ्या मनात काय आलं?"

"आधी बॅटरीतला सेल. मग कपड्यांचा सेल. सर सेल, सेल म्हणत होते आणि मी बॅटरीचाच विचार करत होते. तास संपल्यावर पुस्तकातलं चित्र बघितलं. पेशी होती ती, बाई! पेशी मला झोपेत विचारली तरी काढता येते."

"आणि मास?"

ती पहिल्यांदा हसली. "श्रावण चालू आहे ना. मला वाटलं, महिना."

वस्तुमान हो! मग आम्ही दोघी त्या यादीला लागलो. सेट म्हणजे संच. नववीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा. बेस गंमतीचा निघाला. भूमितीच्या तासाला तो त्रिकोणाचा पाया, रसायनशास्त्राच्या तासाला आम्लारी. सोल्यूशनची तीच तऱ्हा, गणितात उकल आणि रसायनात द्रावण. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन दोन नोकऱ्या करायला लावतात, मराठीनं दोन वेगळी माणसं ठेवलीत. पण रूट बघा. झाडाचं असो की संख्येचं, इंग्रजीतही रूट आणि आपल्याकडेही मूळ. वर्गमूळ म्हणतो ना आपण!

माझा भाचा नववीत आहे, त्याचं विज्ञानाचं पुस्तक घरात होतं. ते उघडलं. पहिला धडा, गतीचे नियम. विस्थापन, आणि त्याच्यापुढं कंसात इंग्रजी शब्द. वेग, पुढं कंस. त्वरण, पुढं कंस. ताईच्या यादीतले शेवटचे तीन शब्द तिथं जसेच्या तसे छापलेले. हेच पुस्तक तिनं वर्षभर वापरलं होतं.

ताई पानाकडे बघत राहिली. म्हणाली, "बाई, आम्ही कंस आला की उडी मारून पुढं जायचो. परीक्षेत तेवढं येत नाही म्हणून."

खरं सांगू? मी शरमले. कारण चौथीच्या वर्गात धडा मोठ्यानं वाचून घेताना कुणी कंसाशी अडखळलं की मीच म्हणते, "कंसातलं सोड, पुढचं वाच." किती वर्षं म्हणतेय! वेळ वाचतो म्हणून.

मग मी तिला माझी एक फजिती सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती, आज तुम्हांलाही सांगते. २००६ साली बारावी करून मी डी.एड.ला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "छात्राध्यापकांनो, बसा." मी मागं वळून बघितलं, कोण बुवा हे छात्राध्यापक? तर आम्हीच! ते एक असो. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, "सोमवारी प्रत्येकानं पाठ टाचण घेऊन यायचं." मी रविवारी बाजारात जाऊन टाचण्यांची डबी आणली. चांगली बघून, रंगीत डोक्यांची. सोमवारी मॅडम बाकाशी आल्या, मी डबी पुढं केली. सारा वर्ग हसत सुटला. पाठ टाचण म्हणजे तास कसा घ्यायचा याचा आधी लिहून काढलेला आराखडा, हे मला कुठून ठाऊक असणार? मी तर मराठीतूनच शिकत होते, शब्दही मराठीच होते. त्या रात्री वसतिगृहात मी घरी परत जायचं ठरवून पिशवी भरली होती. गेले नाही ते धाडसानं वगैरे नव्हे. गावाकडची एसटी सकाळी होती आणि सकाळपर्यंत झोप लागून गेली.

ताई मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "पुढचं पान वाचा ना, बाई."

गुरुवार. "ऑफिसची खिडकी बंद होती. पाटीवर लिहिलंय, भोजनाची सुट्टी दीड ते सव्वादोन. दोन वाजता प्रॅक्टिकल. मी खिडकीसमोर २५ मिनिटं थांबले. मग प्रॅक्टिकलला गेले."

आणि त्याच्या खाली, जरा बऱ्या अक्षरात, "एका टेबलावर चौघी. टेबलावर एक दंडगोल आणि एक व्हर्निअर. पप्पांच्या कारखान्यात असतं तसलंच. बाकीच्या तिघी ते उलटंसुलटं करून बघत होत्या. मी जबडे उघडले, दंडगोल मध्ये धरला, अंगठ्यानं सरकता भाग सरकवून जबडे टेकवले. सर मागं उभे होते. म्हणाले, हू टॉट यू? प्रश्न मला कळला. उत्तर इंग्रजीत आलं नाही. मी म्हटलं, 'पप्पा. टर्नर.' सर मराठीत म्हणाले, 'मग बाकीच्यांना दाखव की.' पण मला धरता येत होतं, वाचता येत नव्हतं."

ताईचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतात. उद्यमनगर म्हणजे छोट्या मोठ्या कारखान्यांची वसाहत. लोखंडाचा तुकडा लेथवर फिरवायचा, कापायचा आणि सांगितलेल्या मापाचा करायचा, हा टर्नरचा धंदा. सुट्टीत ताई त्यांना डबा द्यायला जायची, तेव्हा ते यंत्र तिनं शंभरदा बघितलं असेल. त्याचा आणि शास्त्र शाखेचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं पप्पांना विचारलं, हे वाचायचं कसं? पप्पा उठले, कामाच्या पिशवीतून आपलं व्हर्निअर काढलं, फडक्यानं पुसलं. ताईनं त्यांचं बोलणंच लिहून ठेवलंय.

"हे बघ, वरची ती मेन स्केल. खालच्या सरकत्या पट्टीचं शून्य कुठं आलंय? त्याच्या डाव्या हाताची वरची रेघ वाच. झालं? आता खालच्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेच्या अगदी नाकासमोर आलीया, ती हुडक. तुमच्याचा लीस्ट काउंट किती?"

"सरांनी शून्य दशांश शून्य एक सेंटिमीटर सांगितलाय."

"म्हंजे पॉइंट वन एमएम. आमचा पॉइंट झिरो टू हाय. पाचपट बारीक." असं म्हणून पप्पांनी मिशीवरून हात फिरवला, असंही वहीत नोंदलेलं आहे.

त्याखालची नोंद मात्र मी ताईच्याच शब्दांत देते. "पप्पा नववीनंतर शाळा सोडून कारखान्यात हेल्पर लागले. मला इंग्रजी येत नाही, असं ते नेहमी म्हणतात. आज अर्ध्या तासात त्यांनी १९ इंग्रजी शब्द वापरले. मेन स्केल, लीस्ट काउंट, झिरो एरर, डायमीटर, डेप्थ, टॉलरन्स, फीड, आरपीएम. बाकीचे मागच्या पानावर. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. प्रत्येक वेळी त्यांनी वस्तू हातात घेऊन दाखवला. मग त्यांनी विचारलं, कॉलेजात कळतंय का सगळं? मी म्हटलं, थोडं."

'मस्त' नव्हे, 'थोडं'. मी ताईकडे बघितलं. "मग काय म्हणाले पप्पा?"

"काही नाही. म्हणाले, हे व्हर्निअर रविवारपर्यंत तुझ्याकडंच ठेव. मी शेजारच्याचं मागून घेतो."

तुम्हांलाही व्हर्निअर वाचायला शिकायचंय? चला, घरीच करू. हे यंत्र ज्याच्या नावानं ओळखतात तो पिएर व्हर्निअर फ्रान्समधला. १६३१ साली त्यानं ही युक्ती पुस्तक लिहून जगापुढं मांडली. एक जाड कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर ९ सेंटिमीटर लांबी आखा आणि तिचे दहा सारखे भाग करा. म्हणजे खुणा येतील शून्य, ०.९, १.८, २.७, ३.६ अशा, शेवटची ९ वर. त्यांना शून्य ते दहा नंबर द्या. दुसऱ्या एका लांब पट्टीवर नुसते सेंटिमीटर आखा, वीस पंचवीस. मिलिमीटरच्या रेघा मुद्दाम काढू नका. आता पेन्सिल लांब पट्टीवर शून्यापासून ठेवा आणि तिचं टोक जिथं संपतं तिथं छोट्या पट्टीचं शून्य टेकवा. समजा, टोक १२ च्या थोडं पुढं गेलंय. किती पुढं? छोट्या पट्टीची कुठली रेघ लांब पट्टीच्या कुठल्याही रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधा. चौथी जुळली तर पेन्सिल १२.४ सेंटिमीटर! पट्टीवर मिलिमीटर नाहीत आणि तरी आपण मिलिमीटर मोजला. असं का होतं? छोटा प्रत्येक भाग मोठ्या भागापेक्षा ०.१ नं आखूड आहे. चार भाग मिळून ०.४ नं मागं पडतात, आणि पेन्सिल जेवढी पुढं गेली तेवढंच ते भरून निघतं. एकदा वाचून कळलं नाही तर हरकत नाही, पट्टी हातात घेतलीत की कळेल. कॉलेजातल्या व्हर्निअरमध्ये ९ मिलिमीटरचे दहा भाग असतात, ताईच्या पप्पांच्या व्हर्निअरमध्ये ४९ मिलिमीटरचे पन्नास. युक्ती तीच.

शुक्रवारच्या पानावर फारसं काही नाही. बस चुकली, भिजली, पहिला तास बुडाला. ऑफिसात मात्र जाऊन आली. अर्ज मिळाला.

"कुठाय तो?" मी विचारलं.

तिनं दप्तर उघडून दाखवला. घडी घातलेला, कोरा.

शनिवारची नोंद शेवटची. "आज ३८ जण. फिजिक्सचा तास, युनिट्स अँड मेझरमेंट्स. म्हणजे एकके आणि मापन. सर जे बोलले त्यातली ११ वाक्यं पूर्ण कळली. बुधवारी एकही मोजलं नव्हतं, त्यामुळं वाढली की नाही ते सांगता येत नाही."

बघा, कशी माझीच विद्यार्थिनी!

"मग, अर्ज भरणार?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाई. ऑफिसात म्हणाले, घाई नाही, महिनाअखेरपर्यंत दिला तरी चालेल. तोवर रोज वाक्यं मोजते. कमी झाली तर भरीन."

मला कितीतरी बोलायचं होतं. 'भरू नकोस गं' असंच म्हणणार होते. पण कला शाखा म्हणजे काही शिक्षा नव्हे, आणि वाक्यं तिला ऐकायची होती, मला नव्हे. म्हणून तोंडाशी आलेलं चहाबरोबर गिळलं. भाच्याला विचारून नववीचं पुस्तक तिला दिलं. तिनं आपलं कधीच रद्दीत घातलं होतं. भाच्यानं "आठ दिवसांत परत हवं" अशी अट घातली आणि ती तिनं मान्य केली.

जायला निघाली, दारात चप्पल घालता घालता थांबली आणि वही पुन्हा पुढं केली.

"बाई, सही?"

मी लाल पेन शोधलं. सहाही पानांवर सह्या केल्या, तारीख घातली. हात काही राहिना. 'व्हर्निअर' हा शब्द तिनं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता, त्याखाली रेघा ओढल्या.

"बाई, तुमची सवय अजून गेली नाही!" म्हणत ती जिना उतरली.